पुरानं रान सुपीक होतं म्हणणाऱ्यांनी सीनाकाठची बोअर बघून यावं

सप्टेंबर 2025 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीला महापूर आला, तेव्हापासून एक मजकूर माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा येतोय. कधी नातेवाइकांच्या ग्रुपवर, कधी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, एकदा तर थेट शेतकऱ्यांच्याच ग्रुपवर. मजकूर असा:

"पूर ही आपत्ती नाही, नदीचं दान आहे. पुराबरोबर सुपीक गाळ येतो, पुढची दहा वर्षं खत लागत नाही. इजिप्तची संस्कृती पुरावरच उभी राहिली. विहिरी, बोअर तुडुंब होतात. कीड आणि उंदीर मरतात. नदी स्वतःला धुऊन काढते. दोन वर्षांत निसर्ग सगळं सावरतो, माणसानं मध्ये पडू नये."

पाठवणारी माणसं वाईट नाहीत. बुडालेल्यांना धीर द्यावा, असंच त्यांच्या मनात असेल. पण हा मजकूर वाचून लोक गप्प बसतात, मदत मागणाऱ्याला "पुढच्या वर्षी दुप्पट पिकेल की" असं सांगतात. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

त्याआधी एक गोष्ट सांगतो. माझ्या मामांचं रान माढा तालुक्यात सीनेच्या काठाला आहे. पाणी ओसरल्यावर, दिवाळीच्या तोंडावर मी गेलो. मामा मला बांधावरून सरळ बोअरपाशी घेऊन गेले. बोअरचा केसिंग पाइप जमिनीच्या वर वीतभर असायचा. लहानपणी आम्ही त्याच्यावर पाय ठेवून उडी मारायचो. त्या दिवशी तो पाइप माझ्या मांडीला लागला.

पाइप वर आला नव्हता. रान खाली गेलं होतं.

"मोज की," मामा म्हणाले. मी मोजलं. दोन फुटांना थोडं कमी. पलीकडं विहिरीचं कठडं हवेत लोंबत होतं, ठिबकच्या नळ्या मुळांसारख्या उघड्या पडल्या होत्या, आणि जिथं ऊस होता तिथं पिवळा मुरूम दिसत होता. "आता ह्यात काय पेरू, तू शिकलेला हाईस, सांग," असं ते म्हणाले. मला काही सांगता आलं नाही.

आता मजकुराकडं येऊ. पहिलं वाक्य गाळाचं. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते इतकं पटतं. गाळ सुपीक असतो, यात वाद नाही. कृष्णाकाठच्या मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, जमिनी आणि तिथली वांगी उगाच नावाजलेली नाहीत. तळ्यातला गाळ रानात टाकायची रीत आपल्याकडं जुनी आहे, आणि 2017 पासून राज्य सरकारची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनाही त्याच आधारावर चालते. पण पाणी गाळ कधी टाकतं, हे बघायला हवं. हंड्यात गढूळ पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाला माती बसलेली दिसेल. तेच पाणी काठीनं ढवळत राहा, काही बसणार नाही. नदीचंही तसंच. पाणी पसरून, थांबून राहिलं तर बारीक माती खाली बसते. पाणी जोरात वाहत असेल तर ते टाकत नाही, उचलून नेतं. आणि जोर जरा कमी झाला की सगळ्यात आधी जड ऐवज खाली पडतो: दगडगोटे, मग वाळू. पिकाला हवी असलेली चिकण माती सगळ्यात शेवटी, कुठंतरी लांब खाली बसते. म्हणून एकाच पुरात एका गावाच्या रानातली माती जाते, दुसऱ्याच्या रानात वाळूचा थर येतो, आणि खरी मळी लाभते ती तिसऱ्याला.

त्यात धरणांचा एक परिणाम आहे, ज्याचा या मजकुरात पत्ताच नाही. वरून येणारी बारीक माती जलाशयात अडकते. दरवाज्यातून सुटणाऱ्या पाण्यात माती कमी आणि ताकद जास्त. असं पाणी खाली येताना आपली भूक काठावर भागवतं. पूर्वीच्या पुराची आठवण सांगणाऱ्या म्हाताऱ्यांवर माझा विश्वास आहे, त्यांच्या काळात मळी येत असेलही. पण तेव्हाची नदी आणि आजची नदी यात फरक पडलाय.

आणि गाळ जर दानच असेल, तर सरकारी निकष काय म्हणतात तेही बघा. या पुरावेळी लागू असलेल्या आपत्ती मदतनिधीच्या निकषात, शेतात तीन इंचांपेक्षा जास्त वाळू किंवा गाळ साचला तर तो काढून टाकण्यासाठी अल्पभूधारकाला हेक्टरी 18,000 रुपये धरलेले होते. हे पैसे गाळ काढून टाकायला दिलेत. बिहारमध्ये काय झालं तेही आठवावं. 18 ऑगस्ट 2008 ला नेपाळमधल्या कुसहा इथं कोसीचा बांध फुटला. सुपौल, मधेपुरा भागातल्या शेकडो गावांत पाणी शिरलं, आणि ओसरल्यावर भाताच्या शेतांवर वाळू पसरलेली होती. आसामात धेमाजीकडं ब्रह्मपुत्रेच्या उपनद्या हेच करतात. तिथल्या शेतकऱ्याला नदीनं काय दान दिलं ते विचारून पाहा.

माती वाहून जाणं म्हणजे काय, हे आकड्यात सांगतो, कारण "थोडी माती गेली" असं लोक सहज म्हणून जातात. एका एकरात 43,560 चौरस फूट. त्यावरून एक फूट माती गेली तर 43,560 घनफूट गेली. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एकरी 435 ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. एक एकर पुन्हा होतं तसं करायला 435 ट्रॉल्या माती. हेक्टरी हजारावर.

सरकारनं ऑक्टोबर 2025 मध्ये मदत जाहीर केली, तेव्हा खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामं, असं ठरलं. या घोषणेला मी नावं ठेवत नाही, नुसत्या पंचनाम्यावर सोडून दिलं नाही हेही मोठं आहे. पण भागाकार करा. दोन्ही रकमा पूर्ण हातात पडल्या तरी ब्रासला सव्वातीनशे रुपयांच्या आसपास येतात. त्यात खोदाई, भराई, वाहतूक, पसरणं आणि रान समपातळीत आणणं, सगळं बसवायचं. माती आणायची कुठून, हा प्रश्न तर आणखी वेगळा.

शिवाय गेलेली माती म्हणजे नुसता ढिगारा नव्हता. आपलं दख्खनचं रान काळ्या पाषाणावर बसलंय. पाषाण झिजून मुरूम, मुरूम झिजून माती, आणि एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्यातही जीव असतो तो वरच्या वीतभरात: सेंद्रिय कर्ब, जिवाणू, गांडुळं, शेणखताची पिढ्यान् पिढ्यांची पुंजी. पूर नेमकी तीच वीत घेऊन जातो. "दहा वर्षं खत लागत नाही" म्हणणाऱ्याला मी त्या मुरमावर उभं करीन. तिथं खताची पोती ओतली तरी ती धरून ठेवायला मातीच नाही.

इजिप्तचा दाखला शाळेच्या पुस्तकातून आलेला आहे, त्यामुळं तो मजबूत वाटतो. पण नाईलचा पूर आणि सीनेचा पूर यांचं नातं नावापुरतं. इथिओपियाच्या डोंगरातला पाऊस नाईलमधून उतरायचा, पाणी आठवडे घेऊन हळूहळू चढायचं, दरवर्षी जवळपास त्याच सुमाराला. शेतकऱ्यांनी बांध घालून मोठमोठे वाफे केले होते. त्यात पाणी महिना-दीड महिना थांबवायचे, गाळ बसू द्यायचे, मग सोडून द्यायचे, आणि ओल्या रानात पेरायचे. म्हणजे पाणी वाफ्यात थांबवणारा माणूसच होता, नदीनं एकटीनं काही केलं नाही. 1970 मध्ये आस्वानचं उंच धरण पूर्ण झालं, गाळ मागं अडला आणि तिथल्या शेतकऱ्याला रासायनिक खताचा आधार घ्यावा लागला. इजिप्तचा धडा घ्यायचाच तर तो पूर्ण घ्या: पूर येऊ देणं पुरेसं नाही, त्याला थांबायला जागा ठेवावी लागते. सीनेच्या काठाला आपण ती जागा ठेवली का?

नाही ठेवली, आणि यात आम्ही शेतकरीही आलो. आमच्या मामांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी काठ थेट पात्रापर्यंत नांगरला. पूर्वी तिथं करंज, उंबर, वाळुंज आणि लव्हाळ्याची दाटी असायची. गेल्या काही वर्षांत वाळू उपशानं पात्र खोल गेलं, काठ उभे झाले, मग सोडलेलं पाणी पायथा पोखरतं आणि वरचं रान ढासळतं. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेत निघाले नाहीत, किंवा त्यांच्यात झाडं-झुडपं अडकली, की पाणी बंधाऱ्याच्या कडेनं घुसतं आणि माणसाच्या शेतातून नवी वाट काढतं. असं कापलेलं रान मी पाहिलंय. त्याला नुसतं नैसर्गिक म्हणून सोडून देता येत नाही.

विहिरींचं थोडक्यात. आपल्याकडच्या पाषाणात पाणी साठवायची जागाच कमी, ती भेगा आणि झिजलेल्या थरांपुरती. सप्टेंबरअखेर, पावसाळा उलटल्यावर हे थर आधीच भिजलेले असतात. वरून आलेला महापूर जमिनीत न मुरता वाहून जातो. उलट काठच्या विहिरी गाळानं बुजतात. बुजलेल्या विहिरीला सरकारनं 30,000 रुपये जाहीर केले, ते उगाच नाही. वाचलेल्या विहिरीतही मेलेली जनावरं, गोठ्यातलं शेण, संडासाचं पाणी मिसळलेलं असतं. उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, तपासून घेतल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. "तुडुंब भरली" म्हणून खूश होऊन प्यायला सुरुवात कराल तर कावीळ आणि हगवण घरात येईल. मजकुरातला हा भाग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

कीड मरते, हे अर्धं खरं. रानात पाणी साचून राहिलं तर हुमणीसारख्या जमिनीतल्या अळ्या मरतात. पण त्याबरोबर गांडुळंही मरतात. मुळांना हवा मिळत नाही, तूर आणि सोयाबीन उभ्या उभ्या वाळतं, मूळकूज धरते, नत्र निघून जातं. गाजर गवताचं बी पाण्याबरोबर नव्या नव्या रानात जातं. उंदीर बांधावर आणि घरात चढतात, त्यांच्यामागं साप. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली, ती उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून माणसं चालली म्हणून. चिखल उपसताना पायाला चीर असेल तर बूट घाला, ताप आला तर लगेच दवाखाना गाठा.

"नदी स्वतःला धुऊन काढते" याचं उत्तर मामांच्या बांधावरच्या बाभळीनं दिलं. तिच्या वरच्या फांद्यांना मल्चिंग पेपरच्या चिंध्या, खताची प्लॅस्टिकची पोती, ठिबकच्या नळ्या, आणि कुणाच्या तरी गोठ्यावरचा पत्रा अडकलेला होता. खाली चिखलात कीटकनाशकाच्या बाटल्या, काही भरलेल्या. पुरानं घराघरातली शेड धुतली आणि सगळा ऐवज नदीला दिला. वरच्या गावाची जलपर्णी खालच्या बंधाऱ्याला अडकली. नदी यातून स्वच्छ झाली नाही, घाण नुसती पुढच्या गावाच्या दारात गेली. सीना पुढं हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते, तर हा सगळा ऐवज भीमेकडं.

राहिलं शेवटचं वाक्य: निसर्ग सावरतो, माणसानं मध्ये पडू नये. निसर्ग सावरतोच. नदीकाठी पुन्हा गवत येईल, वाळुंज फुटेल, मासे परततील. तिथं मध्ये न पडणं बरोबर, उलट काठाची पंधरा-वीस फूट पट्टी नांगरायची सोडून द्यावी, तिथं करंज-बांबू-वाळा लावावा, असं मी स्वतः मामांना सांगितलं. पण खरडलेलं रान आपोआप सावरायला लागणारा काळ शेतकऱ्याच्या आयुष्यापेक्षा, त्याच्या नातवाच्या आयुष्यापेक्षा मोठा आहे. तिथं मध्ये पडावंच लागतं, आणि ते डोकं वापरून. घाईनं मुरूम ओतून वरवर सपाट केलेलं रान पुढच्या पावसात पुन्हा जातं. आधी उतार आणि बांध नीट करायचे, मग तळ्यातला गाळ, जमेल तितकं शेणखत, पहिल्या हंगामात पैशाच्या पिकाऐवजी ताग किंवा धैंचा पेरून तो गाडायचा, आणि दरवर्षी माती तपासायची. पंचनाम्यात पिकाचं क्षेत्र लिहितात तशी किती खोलीची माती गेली तेही लिहायला हवं. त्यासाठी यंत्र लागत नाही. केसिंग पाइप, विहिरीचा कठडा, विजेच्या खांबाचा पाया, जुन्या झाडाची उघडी पडलेली मुळं, यांतलं एक तरी प्रत्येक शिवारात असतं. टेप लावा आणि लिहा.

मामांचं दोन एकर रान गेलं. सगळीकडं दोन फूट नाही, सरासरी फूटभर धरली तरी 870 ट्रॉल्या. एप्रिलमध्ये गावचा पाझर तलाव आटला, तेव्हापासून ते गाळ आणतायत. त्यांनी पाइपावर ऑइलपेंटनं जुन्या जमिनीची खूण केलीय. परवा फोन केला तेव्हा म्हणाले, "अडुसष्ट पडल्या. खुणेला अजून लई लांब हाय."