कमला नेहरू पार्कातले अर्थतज्ज्ञ

आज सकाळी पार्कात फेऱ्या मारताना बाकावरचं भाषण कानावर पडलं आणि डोकंच फिरलं. "या मास्तर-कारकुनांना जुनी पेन्शन द्यायची म्हणजे राज्य भिकेला लावायचं. स्वतः साठवायला काय होतं यांना?" बोलणारे काका कोण, तर राज्य सरकारातून निवृत्त. स्वतःला जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी दरमहा, वर महागाई भत्ता. माना डोलावणारे चौघे तेही पेन्शनरच! वयाचा मान ठेवून मी तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीत असतानाच बायपास झाली. हॉस्पिटलला डिपॉझिट आधी हवं होतं आणि सरकारी बिलं मंजूर होणार नंतर. आईने पाटल्या मोडल्या, मामाने उसने दिले. मग ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. पैसे आले तेव्हा त्यातही कपात, आणि तोवर मामाचे पैसे आईने भिशी उचलून फेडले होते.

त्याच बाबांच्या माघारी आईला फॅमिली पेन्शन लागली. फार नाही, मूळ पगाराच्या तीस टक्के आणि वर भत्ता. पण नातवाच्या वाढदिवसाचं पाकीट तिचं, गॅसचे पैसे तिचे, आणि दादाशी भांडण झालं तर "मी माझं बघून घेईन" म्हणायची ऐटही तिचीच. ही ऐट काका तुमच्याही घरी आहे. कुणाच्या जिवावर?

आता माझी वहिनी. जिल्हा परिषदेची शिक्षिका, लागली २००७ ला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागली म्हणून जुनी पेन्शन नाही. नव्या पेन्शनसाठी पगारातून दरमहा दहा टक्के कापून बाजारात गुंतवायचे. तिच्याच शाळेत दोन वर्षं आधी लागलेल्या बाईंना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. वर्ग तेच, खिचडीचा हिशेब तोच, निवडणुकीची ड्युटी तीच. दरवर्षी १७ डिसेंबरला तुम्ही पेन्शनर दिन साजरा करता ना? तो सुप्रीम कोर्टातल्या १९८२ च्या नकारा खटल्याच्या निकालाचा दिवस. पेन्शन ही मेहेरबानी नाही आणि निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेदभाव करू नका, असं कोर्टाने त्यात सांगितलं होतं. शाल-श्रीफळ घेताना हे आठवतं का कुणाला? कायद्याच्या नजरेत निवृत्तीची तारीख आणि नोकरीला लागल्याची तारीख या वेगळ्या गोष्टी असतील, मला वकिली करायची नाही.

राजकारण्यांबद्दल तर बोलायलाच नको. डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या अधिवेशनात फडणवीस म्हणाले, जुनी पेन्शन देणार नाही, राज्य दिवाळखोरीत जाईल. मार्च २०२३ ला "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले, आठवडाभर कचेऱ्या ओस, मग समितीचं आश्वासन. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने निम्म्या पगाराची हमी देणारी युनिफाइड पेन्शन जाहीर केली, तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आपल्या मंत्रिमंडळाने ती उचलली! नोव्हेंबरात विधानसभा होती, हा योगायोगच म्हणायचा. स्वतःच्या पेन्शनवर मात्र कधी समिती नाही. आमदारकीची एक टर्म झाली की आयुष्यभर महिना ५०,००० रुपये, वर आणखी वर्षांचे जादा. तेव्हा तिजोरी तुडुंब असते.

हो, माहीत आहे, पगार, पेन्शन आणि व्याजातच तिजोरीचा मोठा घास जातो. आणि हेही मान्य की आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना पासष्टीनंतर सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळाले तर मिळाले. भोसरीच्या कंपनीत उभं आयुष्य घासलेल्यांना ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिना १,००० रुपये, तीही २०१४ पासून तिथेच अडकलेली. पण यावर उपाय वहिनीला जुनी पेन्शन नाकारणं हा आहे का? मावशींना वाढवून द्या की!

टाइप करता करता राग थोडा उतरला. खरं सांगायचं तर मला पेन्शनपेक्षा त्या बायपासचीच भीती जास्त वाटते. पेन्शनसाठी मोर्चा निघतो, दवाखान्यासाठी निघत नाही. राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आता सगळ्यांना, पाच लाखांपर्यंत. सत्तरीच्या पुढे आयुष्मान कार्ड, उत्पन्नाची अट नाही. छान आहे, आईचं कार्ड मीच काढून आणलं. पण कार्ड पर्समध्ये असणं वेगळं आणि रात्री काउंटरवर "हे पॅकेजमध्ये बसत नाही" ऐकणं वेगळं. बाबांच्या वेळी पाटल्या होत्या. वहिनीकडे फ्लॅटचा हप्ता आहे. म्हातारपणी एका ऑपरेशनमध्ये साठवलेलं सगळं जाणार असेल, तर पेन्शन जुनी की नवी यावर भांडून काय मिळवणार आपण? सुधारणा करायचीच तर इथून सुरुवात करा. निवृत्तांना कॅशलेस द्या, आणि बिलासाठी म्हाताऱ्या माणसाला टेबलं फिरवणं बंद करा.

असो. वहिनीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कपातीचा हिशेब तिला कार्यालयातून अजून नीट मिळालेला नाही. कोषागारातलं कुणी ओळखीचं असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. आणि "आम्ही टॅक्स भरतो" ही कमेंट कृपया नको. मीही भरते.