वायफायचा एक डबा लावायला माणसानं काय इंजिनिअर व्हायचं का?

डोस्कं फिरलंय माझं. काम एवढंसं होतं राव. खाली हॉलमधे फायबरचा डबा आहे, त्याची रेंज स्लॅबमुळं वरच्या मजल्यावर पोचत नाही, म्हणून खालून एक लॅनची, म्हंजे घरातल्या नेटवर्कची, वायर वर न्यायची अन् तिथं दुसरा डबा लावायचा, झालं. वायर पटकन ओढून झाली. पण त्याच्यानंतर ते सेटिंग म्हणून जे काय आहे ना, त्यानं अक्षरशः जीव खाल्लाय माझा.

आमचं घर लातूरात, ट्यूशन एरियाजवळ. वरच्या खोल्यांमधे नीटची, म्हंजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, पोरं राहतात, कोण अहमदपूरचं, कोण गंगाखेडचं, कोण कंधारचं. आईबापानं सोयाबीन विकून फी भरलेली असतीय. टेस्ट सिरीज ऑनलाइन, डाऊट ऑनलाइन, राहिलेली लेक्चरं पण ऑनलाइन. पेपर चालू असताना नेट गेलं की पोरगं रडकुंडीला येऊन जिन्यानं खाली पळत येतंय, "काका, नेट गेलं अन् टायमर चालूच आहे!" आता त्या लेकराला मी काय सांगू, की बाबा तुझ्या मोबाइलला भलत्याच डब्यानं आयपी, म्हंजे नेटवर्कमधला पत्ता, दिलाय?

हो, हेच होत होतं. मला पाहिजे होता फक्त ॲक्सेस पॉइंट, म्हंजे वायरीतून आलेलं नेट हवेत सोडायचं, बाकी काही डोकं चालवायचं नाही. पण ही यंत्रं खोक्यातनं निघतानाच राउटर, म्हंजे नेटवर्क चालवणारा मुख्य डबा, बनून येतात अन् लावल्या लावल्या स्वतःच आयपी वाटायला बसतात. खालचा डबा पण वाटतोय, वरचा पण वाटतोय, एका घरात दोन कारभारी. मोबाइल विचारतोय मला पत्ता द्या, अन् जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेऊन बसतोय. खालच्यानं दिला तर नेट चालू, वरच्यानं दिला तर रेंज फुल अन् नेट शून्य, कारण वरच्याकडं बाहेर जायचा रस्ताच नाही. म्हणून एकाच खोलीत एका पोराचं चालतंय, शेजारच्याचं चालत नाही, अन् थोड्या वेळानं बरोबर उलटं. असला बिघाड सापडणार कसा हो साध्या माणसाला? बरं, वायर लॅनमधून काढून वॅनच्या, म्हंजे बाहेरून नेट घ्यायच्या, पोर्टात लावली तर नेट चालतंय, पण मग वरचं नेटवर्कच वेगळं होऊन जातंय, नॅटच्या आत नॅट (नॅट म्हंजे आतले सगळे पत्ते झाकून बाहेर एकच दाखवायचा), अन् खालचा प्रिंटर वरून दिसत नाही. पोरांना नोट्सचे प्रिंट काढायचे तर पेनड्राइव्ह घेऊन खाली या.

ह्याच्यावर इलाज आहे, अन् तो एका क्लिकचा आहे, ह्याचाच जास्त संताप येतोय. ॲक्सेस पॉइंट मोड म्हणून एक सेटिंग असतंय, ते केलं की डीएचसीपी, म्हंजे हे आयपी वाटायचं काम, आपोआप बंद. पण ते ठेवलंय कुठं? ॲडव्हान्स्डमधे जा, तिथून सिस्टिममधे, तिथं खाली ऑपरेशन मोड. सोबतच्या कागदावर त्याचा एक शब्द नाही. कागद कसला, बोटाएवढा, मुंगीएवढ्या अक्षरातली इंग्रजी अन् एक क्यूआर कोड. मराठीचं एक अक्षर नाही. महाराष्ट्रात माल विकताय ना? मग?

अन् मोड बदलून सेव्ह केलं की डब्याचा स्वतःचाच पत्ता बदलतोय. आत्तापर्यंत १९२.१६८.०.१ टाकलं की पान उघडत होतं, आता उघडतच नाही. कारण आता त्याला पत्ता खालचा डबा देणार, मग खालच्या डब्यात लॉगिन करा, कोणकोण जोडलंय त्याची यादी काढा, त्यात हा कोणता ते ओळखा. हे कुणी सांगायचं? स्क्रीनवर एक ओळ टाकायला काय झालं होतं, की पत्ता बदलणारंय, इथं बघा? माणसाला वाटतंय डबा मेला, मग ते पिनचं भोक दाबून दहा सेकंद धरतंय, अन् केलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

ॲपचं तर नावच काढू नका. पानावरून सेटिंग करायचं तर डब्याच्या वायफायला जोडावं लागतंय, त्यात नेट नसतंय, मग फोन म्हणतोय इंटरनेट नाही अन् गपचूप मोबाइल डेटावर उडी मारतोय, पान अडकलं. म्हणून डेटा बंद करायचा. डेटा बंद केला की ॲप म्हणतंय अकाउंट काढा, ईमेलवर कोड पाठवलाय तो टाका. कुठून टाकू? नेट चालू करायसाठी आधी नेट पाहिजे! वर लोकेशनची परवानगी पण द्या. माझ्या घरातल्या भिंतीवर डबा लावायला तुम्हाला माझा ईमेल कामून पाहिजे?

आता खोक्यावरची लबाडी बघा. मोठ्या अक्षरात १२००, म्हंजे १२०० एमबीपीएसची स्पीड. दुकानदार पण म्हणतोय, "घ्या दादा, बाराशेचा आहे." बाराशे आले कुठून? वायफायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० अन् ५ गिगाहर्ट्झचे ८६७, ह्यांची बेरीज करून वर गोल केलं. एक मोबाइल एका वेळी दोन्हीकडून ओढत नाही, अन् ते आकडे पण कागदावरचेच. ते पण सोडा. डबा उलटा केला अन् बारीक अक्षरं वाचली तर लॅनचं पोर्ट १०/१००! म्हंजे वायरीतून शंभरच्या वर काही येणारच नाही, हवेत तुम्ही बाराशे सोडा नाहीतर बारा हजार. माझं कनेक्शन २०० चं आहे. निम्मं पोर्टातच मेलं. ही सरळ सरळ फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

कस्टमर केअरला फोन लावला. मी म्हणतोय दोन डीएचसीपी भांडतायत, अन् तिकडून, "सर, एक बार रिसेट करके देखिए." आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. केबलवाला पोरगा आला, त्यानं पण रीस्टार्टच केलं, अन् "होईल दादा" म्हणून गेला. त्याच्यावर राग नाही माझा, त्याला शिकवलंच नाही कुणी.

अन् आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही हे ह्यांना कधी कळणार? मधेच स्क्रीनवर येतंय फर्मवेअर, म्हंजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, अन् अपडेट चालू असताना लाइट गेली तर डबा भंगारात जाऊ शकतो. मी आधी इन्व्हर्टरच्या लायनीवर घेतला अन् मगच हात लावला. ज्याच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यानं काय करायचं?

त्यात आमच्या गल्लीत प्रत्येक बिल्डिंगला हॉस्टेल, प्रत्येक मजल्यावर डबा, अन् सगळे २.४ वर एकमेकांच्या उरावर. तिथं १, ६ अन् ११ हे तीनच चॅनेल, म्हंजे हवेतले रस्ते, एकमेकांवर चढत नाहीत, अन् ह्यातले बरेच डबे खोक्यातनं येतानाच त्या रस्त्याची रुंदी २० च्या ऐवजी ४० पर्यंत सोडून येतात, म्हंजे आपलं पण बिघडवा अन् शेजाऱ्याचं पण. मी २० वर आणली तव्हा कुठं रात्रीचं लेक्चर अडकायचं थांबलं. कंपनीला हे माहीत नाही असं मला कुणी सांगू नका, खोक्यावर आकडा मोठा दिसावा म्हणूनच ठेवतात.

काही डब्यांना मागं छोटं सरकवायचं बटण असतंय, राउटर नाहीतर ॲक्सेस पॉइंट, सरकवलं की झालं. म्हंजे जमतंय ना? मग सगळ्यांनाच द्या की ते बटण. पोर्टाची स्पीड त्या १२०० एवढ्याच मोठ्या अक्षरात समोर छापा. अन् कागद मराठीत द्या.