हाणामारीच्या गेमवर सिनेमा काढणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

समजा, तुफान चाललेल्या एखाद्या व्हिडिओ गेमचे हक्क तुमच्या हाती आले. गेम असा, की दोघं समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना बुकलतात, एक आडवा होतो आणि दुसरा हात वर करतो. बस्स. तुम्ही म्हणाल, यावर सिनेमा काढायला असं काय लागतं? पात्रं तयार, पेहराव तयार, पोरं तिकिटाच्या रांगेत उभी. इथेच भले भले फसतात. सोपं काम सोपंच ठेवलं तर निर्माता हवा कशाला? तेव्हा अशाच एका गेमवरून काढलेला १९९४ चा हॉलिवूडचा सिनेमा 'स्ट्रीट फायटर' समोर ठेवा आणि डोळे झाकून गिरवा.

सगळ्यात आधी हिरो बदला. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' हा गेम १९९१ साली आला. आपल्याकडे स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याच्या हातात कॉईन असायचं तो बहुतेक वेळा र्‍यू नाहीतर केन हा लढवय्या घ्यायचा. म्हणजे हे दोघं सिनेमात मुळीच पुढे येता कामा नयेत. त्यांना भुरटे करून टाका. खेळण्यातल्या बंदुका खऱ्या म्हणून विकायला निघालेले दोन उडाणटप्पू! हिरो कोण? कर्नल गाईल, अमेरिकन फौजी. त्यासाठी शोधा जाँ-क्लोद व्हॅन डॅम, मुक्काम बेल्जियम. उच्चार अमेरिकन वाटत नाहीत म्हणून कुणी कुरकुर केलीच, तर दंडावर अमेरिकेचा झेंडा गोंदवा. शंका मिटली.

मग उरलेल्यांची सोय. लग्नात दूरच्या आत्याला पाटावर बसवलं नाही तर ती जन्मभर काढते, तसंच गेममधल्या प्रत्येक पात्राला दोन मिनिटांचं मानाचं पान वाढलंच पाहिजे. एव्हाना गेममध्ये सोळा जण झाले होते. पैकी जवळजवळ सगळे या सिनेमात येऊन हजेरी लावून जातात. वगळला तो फेई लाँग. हा गेममध्ये कोण, तर हाँगकाँगच्या कुंगफू सिनेमातला नट! ज्याचं पोटच सिनेमावर चालतं त्याला सिनेमाबाहेर काढायचं आणि त्याच्या जागी गेममध्ये कुणी कधी न पाहिलेला कॅप्टन सावादा आणून बसवायचा, ही कल्पकता अंगी असावी लागते. ती शिकवून येत नाही.

आपल्या देशाचा मान राखायलाही विसरू नका. गेममधला धालसिम म्हणजे हातपाय रबरासारखे ताणणारा, तोंडातून जाळ काढणारा, गळ्यात कवट्या अडकवलेला योगी. परदेशी लोकांच्या डोक्यातला भारत असाच असतो, त्याबद्दल बोलायला नको. पण पोरांना तो आवडायचा, कारण त्याचा ठोसा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा. सिनेमात त्याला पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत कोंडला. भूमिका दिली रोशन सेठ यांना. हो, तेच. ॲटनबरोंच्या 'गांधी'मध्ये आणि दूरदर्शनच्या 'भारत एक खोज'मध्ये आपण ज्यांना नेहरू म्हणून बघितलं, ते. ज्या माणसाने भारताचा शोध लावला त्याला खलनायकाच्या तळघरात परीक्षानळ्या धुवायला लावलं आणि एकदाही हात लांब करू दिला नाही.

मारामारी शक्यतो टाळा. ६३ ओलीस, २० अब्ज डॉलरची खंडणी, तीन दिवसांची मुदत, अदृश्य होणारी बोट, पत्रकारांसमोर भाषणं असं भरपूर सामान आत कोंबा. त्यातूनही कुणी तरी कुणाला तरी मारणारच, पण ते घाईत उरकून टाका. जॉयस्टिक खालून पुढे फिरवून, तळहाताला घट्टे पाडून पोरांनी जो निळा गोळा फेकायला शिकला होता, तो पडद्यावर एका क्षणाचा लख्ख उजेड म्हणून दाखवा. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाल्यासारखा. पुढच्याच वर्षी अशाच दुसऱ्या गेमवरचा सिनेमा 'मॉर्टल काँबॅट' आला. त्यात एक बेट, एक स्पर्धा, लढवय्ये येतात आणि लढतात. इतका सरधोपटपणा! त्या मार्गाला तुम्ही जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खलनायक निवडताना सांभाळा, कारण तिथेच या मंडळींचं गणित चुकलं. त्यांनी राउल हुलियाला घेतलं. पोर्तो रिकोचा, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेक्सपिअर करून मुरलेला नट. पोटाच्या कर्करोगाने खंगलेला. मुलांना हा गेम आवडतो म्हणून त्याने काम घेतलं म्हणतात. अशा माणसाने मुकाट्याने यावं, लाल गणवेश चढवावा, संवाद म्हणावेत, पाकीट घ्यावं आणि जावं. पण नाही. हा गडी खलनायक जनरल बायसन असा करतो की जणू शेक्सपिअरचा तिसरा रिचर्डच! आपल्या भावी राजधानीचा नमुना टेबलावर मांडलाय, आणि हा हुकूमशहा गंभीरपणे सांगतोय की खाण्याच्या दुकानांना जागा अजून जास्त हवी. शत्रूची बोट उडवायला पुढ्यात जो कळफलक ओढतो तो थेट पार्लरमधल्या मशीनचा. तीच दांडी, तीच बटणं. दुसरा कुणीही नट तिथे डोळा मारून गेला असता. हुलिया मारत नाही. गेममधलीच लढवय्यी चुन-ली बापाच्या खुनाचा जाब विचारते, तेव्हा हा शांतपणे सांगतो की तुझ्या आयुष्यातला तो सर्वात मोठा दिवस असेल, माझ्यासाठी मंगळवार होता.

झालं. पडेल म्हणून सोडून द्यायच्या सिनेमात एक माणूस खरं काम करून बसला आणि तीस वर्षं उलटली तरी लोक त्याच्यासाठी परत परत बघतायत. २४ ऑक्टोबर १९९४ ला तो गेला, वयाच्या ५४ व्या वर्षी. सिनेमा लागला २३ डिसेंबरला आणि शेवटी त्यालाच अर्पण केलेला आहे. तेव्हा नट घेताना त्याचं काम आधी नीट बघून घ्या. मनापासून करणारा वाटला, तर चहा पाजून परत पाठवा.

पैशाची काळजी करू नका. या सिनेमाला साधारण ३.५ कोटी डॉलर लागले आणि जगभरातून आले दहा कोटींच्या घरात. वर १९९५ मध्ये सिनेमातल्याच नटांच्या प्रतिमा घेऊन त्याचा गेमही काढला. गेमवरून सिनेमा आणि त्या सिनेमावरून गेम. दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घातलं, आणि कॉईन टाकणारेही भेटले.

नवा 'स्ट्रीट फायटर' काढायचंही ठरलंय, आणि धालसिमसाठी विद्युत जामवालचं नाव जाहीर झालंय. लहानपणापासून कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला शिकलेला माणूस, खरोखर लढू शकतो. निर्मात्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती एवढीच, की त्याच्या मापाचा पांढरा कोट वेळेत शिवायला टाका.