चहा पीत लिहिणाऱ्याचं उत्तर

'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' हा पॅलेस्टिनी शेतकरी इमाद बुरनातने आपल्या घराचं आणि गावच्या लढ्याचं चित्रण करून केलेला माहितीपट. त्यावरच्या माझ्या लेखाखाली 'परखड वाचक' यांची प्रतिक्रिया आली आहे. (परखड माणसाला खरं नाव लिहायला काय झालं होतं कोण जाणे.) त्यातलं मुख्य वाक्य हे: "पोटच्या पोरापेक्षा फुटेज मोठं मानणाऱ्या बापाचं कौतुक तुम्ही घरात चहा पीत करताय." शिवाय एक चूक दाखवली आहे, इस्रायलची बाजू आली नाही म्हटलंय आणि लेख लांबला ही तक्रार आहे.

चूक मान्य. इस्रायलने बुरनातच्या गावच्या शेतांतून घातलेलं कुंपण २००७ मध्ये हललं असं मी लिहिलं होतं. २००७ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्ग बदलायचा निकाल दिला. कुंपण प्रत्यक्षात हललं २०११ मध्ये. दुरुस्त केलं, आभार. मधल्या चार वर्षांनी माझंच म्हणणं पक्कं होतं, हे आपल्या ध्यानात आलं नसावं.

आता चहा. पितो मी, साखर घालून. ज्याने रणगाडा पाहिला नाही त्याने लिहूच नये, असा नियम असेल तर आपली प्रतिक्रियाही काढून टाकावी लागेल. मुद्दा मांडायचा तर मांडा, टोमणे कशाला?

इमाद बुरनात हा वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहराच्या पश्चिमेकडच्या बिलीन गावचा शेतकरी. २००५ मध्ये चौथा मुलगा जिब्रील झाला म्हणून त्याने कॅमेरा घेतला. त्याच काळात गावच्या ऑलिव्हच्या शेतांतून कुंपण घालायला यंत्रं आली. तो लढाई शोधत कुठे गेला नव्हता. धूर घरापर्यंत आला. पोराच्या बोबड्या शब्दांत 'सैन्य' आणि 'काडतूस' होतं, ते काय कॅमेऱ्याने शिकवलं? एका कॅमेऱ्याने तर गोळी अडवली, म्हणून बाप वाचला.

आणि घरातला कॅमेरा काय असतो हे मला शिकवू नका. अकरा वर्षं मी सांगली-मिरजेकडे लग्नांची शूटिंग केली आहेत. सुरुवातीला सगळे पदर सावरतात, हसतात. हळद लागेपर्यंत कॅमेरा विसरतात. मग मामा रुसतो, नवरीची आई कोठीघरात एकटी रडते. माझे वडील शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांचंही चित्रण केलं. ताई ओरडली, "बंद कर ते मेलं!" मी नाही केलं. आज ती टेप दर दिवाळीला तीच मागून नेते.

बुरनातची बायकोही वैतागून त्याला पुरे कर म्हणते. ते दृश्य त्याने कापलं नाही, चित्रपटात ठेवलं. स्वार्थी माणूस असं करतो? आपण तिथपर्यंत पाहिलंच नसेल, तर तसं सांगा.

इस्रायलची बाजू म्हणाल तर सहदिग्दर्शक गाय डेव्हिडी इस्रायलीच आहे. श्रेयनामावली वाचायची असते. २००८ च्या अखेरीस बुरनातचा ट्रक कुंपणावर आदळला आणि तेल अवीवच्या रुग्णालयात तो वाचला, तेही चित्रपटात आहे. लांबीबद्दल काय बोलू? कोणी धरून वाचायला बसवलं नव्हतं.

शेवटी आपण एका ओळीत विचारलंय, "त्या पोराला कधी कोणी विचारलं होतं का?" तो विषय मोठा आहे, इथे मावणार नाही. पुन्हा कधीतरी लिहीन.