'जुना माल खपवला' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

काका नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने दाखवला. तुम्ही लिहिलंय की २०२१ ला घेतलेल्या दोनपैकी जास्तीचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) साडेतीन वर्षांनी खोक्यातून काढला तर चालूच झाला नाही, आम्ही जुना माल खपवला, वर दुरुस्तीचे ४,८०० मागितले आणि चाळीस मिनिटं उभं ठेवलं.

उभं ठेवलं त्याची आधी माफी मागतो. रंगपंचमीचा आदला दिवस होता, गेर, म्हणजे आपल्या इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्याकडे आमच्या समोरूनच जाते म्हणून सगळा डिस्प्ले ताडपत्रीने झाकत होतो, पण तरी वडीलधाऱ्या माणसाला बसा म्हणायला पाहिजे होतं, ते चुकलंच.

पण "जुना माल" हे फार लागलं काका. जरा २०२१ आठवा. रिसीव्हरमध्ये आवाजाची जी चिप बसते ती बनवणाऱ्या जपानच्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागली, त्यात कोरोना, त्यामुळे पुढे कितीतरी महिने माल येतच नव्हता. तुम्ही ॲडव्हान्स दिला जूनमध्ये आणि पीस आले ऑगस्टच्या शेवटी, मधे तुम्हीच चार वेळा फोन केलात की अजून का नाही आले. ज्या वर्षी नवा माल मिळत नव्हता त्या वर्षी माझ्याकडे जुना कुठून असणार? आणि असता तर जूनमध्येच नसता का दिला, अडीच महिने तुमची बोलणी कशाला खाल्ली असती? दोन्ही पीस एकाच लॉटचे आहेत, सिरियल नंबरमध्ये फक्त नऊचा फरक आहे, दोन्ही नंबर बिलावर लिहिलेत. पहिला पीस आजही तुमच्या हॉलमध्ये चांगला वाजतोय, हे तुम्हीच त्या दिवशी सांगितलंत.

एक जास्तीचा घेऊन ठेवावा ही तुमची कल्पना चूक होती असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. पॅनासोनिकने २०१३ च्या शेवटी प्लाझ्मा टीव्ही बनवणं सोडलं, ओप्पोने २०१८ मध्ये ब्लू-रे प्लेअर थांबवले, ज्यांनी शौकाने सिस्टिम लावली त्यांना पुन्हा तशी वस्तू मिळाली नाही. ती भीती मला कळते, मीसुद्धा घरी जास्तीचे स्पीकर ठेवलेत. स्पीकर राहतात, कडेला रबर असेल तर वर्षानुवर्षं राहतात, वायरीही राहतात. पण रिसीव्हर म्हणजे लोणच्याची बरणी नाही की दादरा बांधून ठेवली आणि झालं. त्यातल्या कंडेन्सरला (करंट साठवणारा छोटा पार्ट) वर्षानुवर्षं करंट मिळाला नाही की आतला ऑक्साइडचा पातळ थर कमजोर पडत जातो, मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिला की कंडेन्सर निकामी होतो. म्हणूनच डिलिव्हरीच्या दिवशी मी सांगितलं होतं की दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून तासभर चालवा, आणि थंड जागी ठेवा. तुमचं खोकं पत्र्याखालच्या माळ्यावर होतं, मे महिन्यात इंदूरला ४२ डिग्री होतं तर पत्र्याखाली काय होत असेल सांगा. कारिगराने झाकण तुमच्यासमोरच उघडलं ना, पॉवर सप्लायचे दोन कंडेन्सर वरून फुगलेले, ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूंवर गंज, आणि रिमोटबरोबर आलेले सेल पाझरून पिशवीत पांढरी पूड झालेली. कोरा पीस होता तो, पण ठेवून ठेवून खराब झाला.

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, खोकं उघडल्यापासून नाही, हा कंपनीचा नियम आहे, माझ्या हातात नाही. बिलावर खाली छापलंय पण अक्षर बारीक आहे हे मान्य, आता मोठं करून घेतो, बसायचंही काहीतरी करतोय, स्टाफलाही बोललोय.

४,८०० मध्ये ३,६०० पार्टचे आणि १,२०० कारिगराचे, माझा त्यात एक रुपया नव्हता. तरी कारिगराचे मी माझ्याकडून देतो, तुम्ही फक्त पार्टचे द्या. बाबांनी टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं एक टेबल लावून हे दुकान उभं केलंय काका, आणि आज सकाळीच एक गिऱ्हाईक तुमचा रिव्ह्यू मोबाइलवर दाखवून विचारून गेलं की पीस नवा आहे ना. काही न घेता गेलं.

सेट आमच्याकडेच आहे. दुपारी बारानंतर केव्हाही या, बिल घेऊन या, सिरियल नंबर स्वतः जुळवून बघा. जुळला तर स्टार एकच राहू द्या, पण "जुना माल" हे दोन शब्द तेवढे काढा.