प्रूफाचे पैसे वाचवा म्हणे!

२०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली आणि इंदूरमध्ये होळकरांवरच्या पुस्तकांची रांग लागली. त्या रांगेमागोमाग एक मजकूरही मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरायला लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : इतिहासाच्या पुस्तकाला मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारा, लागत नाही. शब्द संगणक तपासतो, तारखा म्हणजे नुसते आकडे, बाकी वाचक समजून घेतो. जुन्या पुस्तकांतही चुका होत्याच, आणि राहिलंच काही तर दुसऱ्या आवृत्तीत बघू. घराण्याचे कागद छापायला निघालेल्या मामेभावाने आता तोच मजकूर मला पाठवून विचारलंय, ‘मग प्रूफाचे पैसे वाचवू का?’

नको वाचवू.

‘शब्द संगणक तपासतो.’ तपासतो, पण कोणते? आपल्याकडे इंदूरच्या खजुरी बाजारातला टंकलेखक बहुधा हिंदीभाषक असतो, त्याच्या बोटांना ळ ची सवय नसते. ‘त्या काळी’चं ‘त्या काली’ होतं, ‘वेळ’चा ‘वेल’ होतो. काली आणि वेल हे दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे खाली लाल रेघ येत नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या टंकांतली फाइल युनिकोडमध्ये बदलताना ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सैन्य डोंगरातून थेट समुद्रात उतरतं. उलट जे शब्द बरोबर असतात, त्यांनाच लाल रेघ येते : कुंभेरी, मालेराव, सौम्यवार. मालेराव हा अहिल्याबाईंचा मुलगा, मल्हारराव सासरे. ‘मालेराव’चा ‘मल्हारराव’ करून टाकला की १७६६ मध्ये वारलेले सुभेदार मल्हारराव पुढच्या वर्षी पुन्हा वारतात, तेही स्वतःच्या सुनेचे चिरंजीव म्हणून.

मूळ पत्रांची तर आणखी दैना. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे शुद्धलेखनाचे नियम लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांना लावायचे, उद्धृत पत्राला नव्हे. सगळ्या फाइलवर एकदम दुरुस्ती चालवली की पत्र ‘शुद्ध’ होतं आणि पुरावा म्हणून बाद होतं.

आता सगळ्यात संतापजनक वाक्य : तारखा म्हणजे नुसते आकडे.

अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य १४, शके १७१७. इंदूरमध्ये अहिल्योत्सवाची पालखी मात्र भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला निघते. यात चूक कुणाचीच नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला, म्हणून आपल्या श्रावणातला वद्य पक्ष त्यांच्या भाद्रपदात पडतो. हे माहीत नसलेला माणूस हिंदी पत्रिकेवरून मराठी पुस्तकात ‘भाद्रपद वद्य १४’ उतरवतो, पुढचा कोणी त्यावरून इंग्रजी तारीख काढतो आणि मृत्यू निदान महिनाभर पुढे सरकतो. विक्रम संवत दिला असेल तर आणखी घोळ. त्याच दिवशी माळव्यात संवत १८५२ होता आणि बडोद्याकडे, जिथे वर्ष कार्तिकात बदलतं, १८५१.

शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. पण १ जानेवारी उलटली की फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपत पौष शुद्ध अष्टमीचं, शके १६८२. ७८ मिळवलेत तर लढाई १७६० मध्ये होते. पौष कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत, म्हणून तिथे खास सावध राहायचं.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. स्वामीकण्णू पिल्लै यांचं १९२२ साली मद्रासहून निघालेलं ‘इंडियन एफिमेरिस’ इसवी सन ७०० ते १७९९ पर्यंतच्या तिथींची सांगड वार-तारखांशी घालून देतं. पत्रात वार असेल (सौम्यवार म्हणजे बुधवार, मंदवार म्हणजे शनिवार) तर तिथी, वार आणि इंग्रजी तारीख तिन्ही जुळली पाहिजेत. पानिपतची जुळतात : १४ जानेवारी १७६१, बुधवार. एक जरी जुळलं नाही तरी समजायचं की वाचण्यात, उतरवण्यात किंवा छापण्यात काहीतरी बिघडलंय. हे काम वाचक करणार? तो पुस्तक विकत घेतो तेच यासाठी की हे आधी कोणीतरी केलं असेल.

जुन्या पुस्तकांत चुका होत्या. होत्या, मान्य. पण शेवटी शुद्धिपत्र जोडलेलं असे, म्हणजे छापून झालेले फर्मेही (एकदम छापलेल्या पानांचे ताव) कोणीतरी पुन्हा वाचत होतं. हल्ली शुद्धिपत्र दिसत नाही, ते चुका संपल्या म्हणून नव्हे.

दुसरी आवृत्ती? तीन-चारशे प्रती काढणाऱ्यांनी त्या बाता मारू नयेत.

पैसे खरोखरच कमी असतील तर भावाने एवढं तरी करावं. पहिलं प्रूफ दोघांनी बसून तपासावं : एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, आकडे सुटे सुटे उच्चारायचे, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. दुसऱ्या प्रुफात पहिल्या प्रुफावरच्या खुणांच्या जागा तर पाहाव्यातच, शिवाय त्यांच्या वरची-खालची ओळही, कारण दुरुस्ती करताना नवी चूक तिथेच घुसते. मग फक्त तारखांसाठी एक वेगळी फेरी. ऐनवेळी तळटीप घातली तर पुढचे क्रमांक आपोआप सरकतात, पण मजकुरात हाताने टाईप केलेलं ‘टीप १४ पाहा’ तसंच राहतं, ते शोधून बदलावं. आणि सूची सगळ्यात शेवटी, पानं कायम झाल्यावर. नकाशांची चार पानं मध्ये घातली की आधी केलेल्या सूचीतले तिथून पुढचे सगळे आकडे चारने चुकतात.