परत तेच कॅरेज रिटर्न, ओळीच्या शेवटी लपणारं अदृश्य अक्षर!

दर महिन्याला पणजीच्या एका कार्यालयातून अर्जांची यादी येते, आणि दर महिन्याला तोच वैताग. ओळीच्या शेवटी तालुका. ग्रेपला, म्हणजे लिनक्सवर फाईलमधला मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला, 'फोंडा' आणि पुढे डॉलरचं चिन्ह (म्हणजे 'ओळ इथेच संपते') दिलं की हाती भोपळा! फाईल उघडावी तर फोंडा डोळ्यांसमोर ढळढळीत. विंडोजवर ओळ संपते दोन अदृश्य अक्षरांनी, लिनक्सवर एकाच. ते जादाचं कॅरेज रिटर्न फोंड्याला चिकटून बसतं. अदृश्य अक्षरंही दाखवणारं कॅट -ए लावलं की शेपटीला कॅरेट-एम, म्हणजे त्याच कॅरेज रिटर्नची खूण, दिसतो. डॉसटूयुनिक्स या आज्ञेने ते निघतं, मान्य. पण सेव्ह करताना एक पर्याय बदला, एवढं त्या कार्यालयाला किती वेळा सांगायचं? कोण ऐकतंय! बरं, ग्रेप एररही देत नाही, मुकाट रिकामा परततो. मग नवीन पोरगा अहवालात 'फोंडा : शून्य अर्ज' लिहून मोकळा. ज्यांनी अर्ज केले त्यांनी काय करायचं?